दाराचा स्पीकर फरफरतोय?

जुन्या गाडीत आवाज वाढवला की दाराचा स्पीकर फरफरतो. बहुतेकदा कोनभोवतीची (म्हणजे स्पीकरच्या पुढच्या हलणाऱ्या शंकूभोवतीची) फोमची कड कुजलेली असते; बोट लावलं तरी भुगा पडतो. नवा घेताना नुसते इंच बघून भागत नाही. काच पूर्ण खाली उतरवून आतली खोली मोजा, नाहीतर काच स्पीकरमागच्या चुंबकाला अडकेल. मूळ स्टिरिओच ठेवणार असाल तर जुन्यावर छापलेल्या ओहमपेक्षा (विजेच्या रोधाचा आकडा) कमीचा नको. खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यांना तर भुलूच नका.

वायरची प्लस-मायनस कळत नसेल तर सॉकेट काढून जुन्या स्पीकरच्या पिनांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर सरकला, तर सेलच्या प्लसकडची पिन प्लस.

दाराच्या आतल्या पॅडमागचा प्लास्टिकचा कागद परत नीट चिकटवा. पावसाळ्यात दारात उतरलेलं पाणी तोच अडवतो. आणि पॅडच्या क्लिपा जास्तीच्या आणा, जुन्या तुटतातच.