ट्रॅक्टरला घाबरणारं पिल्लू: काय लागू पडलं

गंगाखेडला आमचं घर रस्त्यालगत. उसाचा ट्रॅक्टर आला की आमचं कुत्र्याचं पिल्लू बाजेखाली घुसून लघवी करायचं. दटावलं, ओढत रस्त्यावर नेलं, भीती वाढलीच. पार वैताग आला.

मग असं केलं. रस्त्यापासून इतकं लांब बसायचं की पिल्लू कान टवकारेल, पण खाणं सोडणार नाही. आधी ट्रॅक्टर दिसू द्यायचा, मगच उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा. ट्रॅक्टर गेला की खाऊ बंद. क्रम उलटला तर खाऊच धोक्याची खूण ठरतो. ट्रॅक्टर पाहून ते आपल्याकडे वळून बघायला लागलं की थोडं पुढं सरकायचं. तुकडा नाकारला की लगेच मागं. साखळी ढिलीच. लसी पूर्ण झाल्या नसतील तर कडेवर घेऊनच करा, खाली सोडू नका.