सायकलवर देश पार करायचाय, तेही ग्रुपने? मग आधी हे बघा

देश या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलवर पार करायचा असं एकदा ठरलं की ग्रुपमध्ये पहिली चर्चा सुरू होते ती सायकल कुठली घ्यायची याची, आणि ती काही महिनाभर संपत नाही. मला विचाराल तर सायकलमुळे मोहीम बोंबलली असं मी फार कमी पाहिलंय, बोंबलते ती वेगामुळे. एकाला ताशी २५ ने जायचं असतं, दुसऱ्याला १६ जमतं, तिसऱ्याला दर वळणावर फोटो काढायचाय, आणि हे निघायच्या आधी कोणी कोणाला बोललेलंच नसतं.

म्हणून सगळ्यात आधी कागद घेऊन बसा. समजा अंतर ३,००० किमी आहे, रोज १०० धरले तर चालवायचेच ३० दिवस झाले. सहा दिवस चालवून एक दिवस पूर्ण आराम, असे आणखी ४ दिवस, वर पाऊस, आजारपण, मोडतोड याला २-३ दिवस हातात हवेत. म्हणजे सुट्टी ३६-३७ दिवसांची लागते, ३० ची नाही. आणि हे १०० किमी कोणाच्या हिशोबाने? तर सगळ्यात हळू चालवणाऱ्याच्या. त्याला सामान लादलेल्या सायकलवर सलग तीन दिवस जेवढं झेपतं तेवढाच ग्रुपचा रोजचा आकडा. एका रविवारी १०० मारणं वेगळं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत सीटवर बसणं वेगळं, त्या वेळी तोंडातून जो आवाज निघतो ना त्यावरून खरी तयारी कळते. त्यामुळे निघण्याआधी महिनाभर तरी सगळ्यांनी मिळून तीन दिवसांची एक ट्रायल कराच, पूर्ण सामानासकट. जो ट्रायलला येत नाही तो मोहिमेला नको, वाईट वाटलं तरी चालेल.

अजून एक, ताशी १८ ने १०० किमीला साडेपाच तास लागतात हे बरोबर, पण ग्रुपचा दिवस नऊ-दहा तासांचा होतो कारण थांबे. एकटा माणूस दहा मिनिटं थांबतो तिथे दहा जण पस्तीस मिनिटं थांबतात, एकाचं पाणी भरून होतं तोवर दुसरा शौचाला जातो, तो येतो तर तिसऱ्याला आठवतं की चेनला तेल घालायचंय. तासा-दीड तासाने एक थांबा, सगळ्यांनी सगळं तेव्हाच उरकायचं. पहाटे उजाडता उजाडता निघा, बहुतेक ठिकाणी दुपारी ऊन आणि वारा दोन्ही वाढतात.

रस्त्यावर दहाच्या दहा जण एका रांगेत नको, मागच्या गाड्यांना ओव्हरटेक करताच येत नाही आणि मग ते रेटून घुसतात. चार-पाच जणांचे दोन गट करा, मध्ये भरपूर अंतर ठेवा. सगळ्यात शेवटी एक अनुभवी माणूस, त्याच्याकडे टूल्स आणि प्रथमोपचाराची पिशवी, त्याच्या मागे कोणीही राहायचं नाही. वळणाचा नियम तर पाठच करा: रस्ता बदलला की मागचा माणूस दिसेपर्यंत तुम्ही तिथेच थांबायचं. मोबाइलला रेंज नसते तेव्हा हाच नियम वाचवतो.

समोरून वारा असला की ग्रुपचा खरा फायदा कळतो. तुम्ही ताशी १५ ने जाताय आणि समोरून २० चा वारा आहे तर अंगावर येणारी हवा ३५ ची, आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे पुढच्याच्या आडोशाने चाललात तर पाय चांगलेच हलके होतात. दोन-तीन मिनिटांनी पुढचा बाजूला होऊन मागे जातो, दुसरा पुढे येतो. ज्याच्या पायात जोर आहे त्याने पुढे जास्त वेळ राहावं, वेग वाढवू नये! बरेच जण नेमकं उलट करतात, पुढे आले की सुसाट सुटतात आणि मागची रांग तुटते. आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी कधीच न्यायचं नाही, चाकाला चाक घासलं की पडतो तो मागचाच. खड्डा, खडी, काच दिसली की हाताने दाखवा आणि ओरडून सांगा, दोन्ही.

आता सायकल. ३२ ते ४० मिमीचे टायर, चढाला पुरेल असा लहान गिअर, आणि सामान पाठीवर नाही तर सायकलवर, जड वस्तू खाली. ग्रुपसाठी महत्त्वाचं म्हणजे शक्यतो सगळ्यांचा टायर साइज आणि व्हॉल्व्ह एकच ठेवा, म्हणजे कोणाचीही ट्यूब कोणालाही चालते. डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा भाग फ्रेमला ज्यावर लटकतो तो छोटा धातूचा तुकडा) मात्र सायकलच्या मॉडेलनुसार वेगळा असतो, तो प्रत्येकाने स्वतःचा एक्स्ट्रा ठेवायचा. मागच्या चाकाच्या दोन-चार जादा स्पोक फ्रेमला टेपने चिकटवून ठेवा, सामानाचं वजन मागेच असतं त्यामुळे तुटतात त्या तिथल्याच.

पंक्चरचं सांगतो. आमच्या मोहिमेच्या तिसऱ्या दिवशी एकाची ट्यूब गेली, आठ जण भोवती गोळा झाले, प्रत्येकाचा एकेक सल्ला, घाईघाईत नवी ट्यूब टाकली, निघालो, दोन किमीवर परत फुस्स. परत तेच. तिसऱ्यांदा कोणीतरी टायर उलटा करून आतून बोट फिरवलं तेव्हा केसाएवढी बारीक तार हाताला लागली, बाहेरून दिसतच नव्हती. ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या तारा हायवेच्या कडेला पडतात ना, त्यातलीच. पाऊण तास आणि दोन ट्यूब गेल्या. तेव्हापासून नियम असा की पंक्चरपाशी दोघंच थांबणार, बाकीचे पुढच्या सावलीत, आणि टायरमधून बोट (फडकं गुंडाळून) फिरवल्याशिवाय नवी ट्यूब पिशवीतून बाहेर काढायची नाही.

शरीराचं थोडक्यात. गुडघा पुढून दुखतो तर सीट बहुतेक खाली आहे, मागून दुखतो तर वर आहे, एका वेळी चार-पाच मिमीच हलवा. पॅडवाल्या शॉर्टखाली अंडरवेअर नको, शॉर्ट रोज धुवा, नाहीतर आठवड्यात बसायची पंचाईत. उन्हात नुसतं पाणी ढोसत राहू नका, मीठही लागतं. ओआरएसची पाकिटं संपली तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा छोटा. भूक लागायची वाट न बघता दर तासाला थोडं खा.

भांडणं होतातच, बहुतेक संध्याकाळी, मुक्काम कुठे करायचा यावरून. यावर आम्हाला लागू पडलेला उपाय म्हणजे रोज एक कारभारी. त्या दिवशी कुठे थांबायचं, काय खायचं, निघायचं कधी हे तोच ठरवणार, बाकीच्यांनी कुरकुर करायची पण मनात. सगळ्यांचे पैसे आधी एकत्र काढा, एकाकडे द्या, रोज रात्री हिशोब ग्रुपवर टाका.

आणि परतीचं निघायच्या आधीच बघून ठेवा, हे हमखास राहतं. शेवटच्या टोकाला पोचल्यावर दहा सायकली दहा खोक्यांत भरायच्या म्हणजे अख्खा दिवस जातो, खोकी कुठे मिळणार ते आधी विचारून ठेवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. आमच्यातले दोघं तिथे अर्धा तास उलट्या बाजूने जोर लावत होते, ३,००० किमी चालवून आलेले पाय त्या पान्यावर उभे राहिले तरी ते पेडल काही हललं नाही.