डबे खडखडायच्या आधी: तंगीच्या महिन्यांत घरचं जेवण कसं भागवावं

आमच्याकडे एकदा पगार तीन महिने अडकला. त्या काळात दोन चुका झाल्या. पहिली, हातात थोडे पैसे असताना ऑफर बघून पिठाची मोठी गोणी उचलली. दर खरोखरच कमी होता. दीड महिन्यानं तळाशी पोचलो तर पिठाला जाळ्या धरलेल्या आणि आत अळ्या वळवळतायत. निम्मं पीठ टाकून द्यावं लागलं. दुसरी चूक अशी की मोफत धान्य देणाऱ्या केंद्रात आम्ही गेलो ते घरात पार खडखडाट झाल्यावर. तिथे कळलं की आज नाव नोंदवलं तर पहिलं वाटप पुढच्या आठवड्यात. ते आठ दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक.

दोन्ही वेळा गफलत वेळेची होती. माल फार आधी भरला आणि मदत फार उशिरा मागितली. खालच्या पायऱ्या लिहिताना हेच डोक्यात आहे.

पायरी १: बाजाराआधी घरातले डबे उतरवा

सगळे उतरवा, मागच्या फळीवरचेही. प्रत्येकात काय आणि किती आहे ते वजनानं किंवा वाटीनं मोजून कागदावर लिहा. शेजारी तिसरा रकाना करा: किती दिवस पुरेल? तीन किलो तांदूळ आहे आणि रोज ४०० ग्रॅम शिजतो, तर तिथे ‘७ दिवस’. किलोत लिहिलं की भरपूर वाटतं, दिवसांत लिहिलं की पोटात गोळा येतो, पण कामाला येतो तो दिवसांचाच आकडा. सगळ्यात आधी संपणाऱ्या वस्तूला गोल करा. पुढची खरेदी कधी आणि कशाची, हे तीच ठरवते.

आमच्या फळीवर मागे अर्धा किलो हरभरे आणि पास्त्याची दोन अर्धवट पाकिटं निघाली. चार जेवणं होती ती, आणि आम्ही बाजाराच्या यादीत परत कडधान्यच लिहून बसलो होतो.

फ्रिजची गत याहून वाईट असते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं (यात साली-बियाही धरल्या आहेत), आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घराघरांतून. दुकानं आणि हॉटेलं मिळून जेवढं टाकतात त्यापेक्षा आपण घरी बसून जास्त टाकतो. यावर आमचा उपाय अगदी साधा होता: फ्रिज उघडला की नजरेसमोर येणाऱ्या फळीवर एक ताट, त्यात मऊ पडायला लागलेला टोमॅटो, कालची उरलेली भाजी, उघडलेलं दूध. त्या ताटातलं संपल्याशिवाय नवीन काही कापायचं नाही.

पायरी २: आठवड्याचा बेत डब्यांवरून ठरवा

आधी पदार्थ ठरवून मग सामान आणायला गेलं की पैसे जातात. उलटं करा. आहे त्यात काय होईल ते बघा आणि कमी पडेल तेवढंच लिहा. सातही दिवसांचा बेत करू नका, पाच पुरेत. उरलेले दोन दिवस उरलंसुरलं खाण्यात जातातच.

पायरी ३: पाकिटावरची किंमत नको, १०० ग्रॅमचा दर बघा

समजा ४०० ग्रॅमचं पाकीट ५२ ला आहे आणि ‘बचत पॅक’ म्हणून एक किलोचं १४० ला. पहिल्याचे १०० ग्रॅम १३ ला पडतात, दुसऱ्याचे १४ ला. मोठं म्हणजे स्वस्त, ही समजूत दुकानदारालाही ठाऊक असते. नेहमीच्या वस्तूंच्या पाकिटावरचं वजनही अधूनमधून वाचत जा. किंमत तीच ठेवून आतला माल गुपचूप कमी केलेला असतो.

हिशोब आणखी एक पायरी पुढे नेला तर फारच उपयोगी पडतो. कोरड्या कडधान्याला भिजून-शिजून दुप्पट-अडीचपट वजन येतं. म्हणून डबाबंद शिजवलेले हरभरे आणि कोरडे हरभरे यांची तुलना करताना कोरड्याचा दर निम्मा किंवा त्याहूनही कमी धरायला हवा. प्रथिनांचंही तसंच. १०० ग्रॅम कोरड्या कडधान्यात साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात, सोयाबीनमध्ये त्याहून बरीच जास्त, एका मध्यम अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. तुमच्या बाजारातला दर घाला आणि १० ग्रॅम प्रथिनं कशातून किती पैशांत मिळतात ते एकदा काढून बघा. तंगीत माणसं पोट भरायला नुसता भात किंवा पाव वाढवत नेतात आणि महिनाभरात थकवा जाणवायला लागतो. हा हिशोब त्यासाठी.

इंधनही खर्चच आहे. कडधान्य रात्रभर भिजवलं की शिजायला वेळ कमी लागतो. भाताला दणदणीत उकळी आली की झाकण घट्ट लावून भांडं जाड गोधडीत गुंडाळून ठेवा. आतल्या उष्णतेवर तो पुढे शिजत राहतो आणि गरम असतानाच खाता येतो. राजम्यावर मात्र ही युक्ती चालवू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो आणि तो मंद आचेवर नाहीसा होत नाही. राजमा किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून टाकायचं, आणि ताज्या पाण्यात खळखळ उकळून पूर्ण मऊ शिजवायचा. प्रेशर कुकर असेल तर उत्तम.

पायरी ४: स्वस्त माल कधी मिळतो ते हेरा

भाजीबाजार उठायच्या वेळी विक्रेत्याला माल परत न्यायचा नसतो. बेकरीतला पाव संध्याकाळी स्वस्त होतो, आणि तो कापून फ्रीझरमध्ये ठेवला तर महिनाभर टिकतो. वेडेवाकडे बटाटे, डाग पडलेली फळं वेगळी मागून घ्या, चवीत काही फरक नसतो. फक्त हिरवा पडलेला आणि खूप कोंब आलेला बटाटा स्वस्तातही नको. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात.

घाऊक घ्यायचं तर दोन-तीन घरांनी मिळून घ्या आणि त्याच दिवशी वाटून टाका. आमची गोणी चार घरांत गेली असती तर अळ्यांना काही उरलं नसतं.

फोनवरचे काही मार्गही आहेत. ‘टू गुड टू गो’ हे ॲप २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालं. हॉटेलं आणि बेकऱ्या दिवसाअखेर उरलेला माल त्यावर पिशवी बांधून कमी दरात विकतात. ‘ऑलिओ’वर शेजारीपाजारी जादा अन्न एकमेकांना फुकट देतात. पहिल्यात पिशवीत काय येईल ते आपल्या हातात नसतं, तेव्हा घरात लहान मूल किंवा कोणाला ॲलर्जी असेल तर त्यावर विसंबून बेत करू नका.

बाल्कनीत भाजी लावा, हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. कोथिंबीर, मिरची जरूर लावा. पण कुंडीनं पोट भरत नाही, आणि माती-खताचा खर्च सल्ला देणारा धरत नाही.

पायरी ५: तारीख आणि वास

पाकिटावर ‘बेस्ट बिफोर’ लिहिलं असेल तर ती चवीची, कुरकुरीतपणाची मुदत. ती उलटली म्हणून कोरडी बिस्किटं किंवा बंद पाकिटातलं कडधान्य विषारी होत नाही. ‘यूज बाय’ किंवा एक्सपायरी असेल तर ती सुरक्षिततेची, आणि तिथे ‘वास तर ठीक येतोय’ हे चालत नाही, कारण आजारी पाडणाऱ्या बऱ्याच जंतूंना वास नसतो. फुगलेला डबा उघडूसुद्धा नका.

शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जंतू जोमानं वाढतात. त्यातही भाताला जपा. तांदळातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तसाच बाहेर राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि ते परत गरम केल्यानं जात नाही. म्हणून भात ताटात पसरून लवकर निववा आणि फ्रिजमध्ये टाका. वाचवलेले चार घास दवाखान्याच्या बिलात जाऊ नयेत.

पायरी ६: मोफत अन्नासाठी आजच नाव नोंदवा

पहिल्या पायरीच्या कागदावर एखाद्या मुख्य वस्तूचा ‘किती दिवस पुरेल’चा आकडा पंधराच्या खाली आला की ही पायरी सुरू करायची. डबा रिकामा व्हायची वाट बघायची नाही.

फूड बँक म्हणजे जादा किंवा दान आलेलं अन्न गोळा करून गरजूंपर्यंत पोचवणारी संस्था. पहिली फूड बँक १९६७ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केली. दुकानांच्या मागे फेकलेल्या मालातून मुलांना जेवू घालणारी एक बाई त्यांना भेटली होती. असा माल टाकण्याऐवजी जपून ठेवणारी बँक हवी, ही कल्पना तिच्याच बोलण्यातून निघाली असं सांगतात. हे माहीत असण्याचा व्यवहारातला उपयोग असा: अजूनही बऱ्याच ठिकाणी फूड बँक म्हणजे मोठं गोदाम असतं आणि ती संस्थांना माल देते. घराला पिशवी मिळते ती तिच्याशी जोडलेल्या वाटप केंद्रातून. म्हणून फूड बँकेला फोन करून ‘माझ्या भागातलं वाटप केंद्र कोणतं?’ हे विचारा, गोदामाच्या दारात जाऊन उभे राहू नका.

फोनवर आणखी चार गोष्टी विचारून लिहून घ्या: वाटपाचे वार आणि वेळ, कोणती कागदपत्रं लागतात, महिन्यातून किती वेळा येता येतं, आणि नोंदणीनंतर पहिली पिशवी कधी. चौथा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि घरातल्या माणसांची नावं-वयं एका पाकिटात तयार ठेवा, बहुतेक ठिकाणी हीच लागतात.

सरकारी मदतीचा अर्जही त्याच दिवशी टाका: स्वस्त धान्य, गरोदर आणि स्तनदा मातांचा आहार, जे काही तुमच्या भागात असेल ते. मंजुरीला वेळ लागतोच, म्हणून हा अर्ज सर्वात आधी. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. पुष्कळदा एखादा कागद कमी असतो, एवढंच. मुलांच्या शाळेत जेवण मिळतं का तेही विचारा. जगभरात ४० कोटींहून जास्त मुलं शाळेत जेवतात, त्यात आपलं मूल असलं तर कमीपणा कसला?

आज रात्रीच जेवायला काही नसेल, तर जवळ गुरुद्वारा आहे का बघा. लंगर कोणालाही, धर्म-जात-कागद न विचारता मिळतो. पादत्राणं बाहेर काढायची, डोकं झाकायचं आणि पंगतीत बसायचं. काही शहरांत रस्त्यालगत सार्वजनिक फ्रिजही असतात, त्यातलं गरजेपुरतं कोणीही न्यावं.

लाजेबद्दलही बोलायला हवं. केंद्राला फोन मी केला नाही, बायकोनं केला. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत असल्यासारखा बसून होतो. पहिल्या दिवशी रांगेत माझ्यापुढे इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस होता, खांद्याला ऑफिसची बॅग. आपली पाळी आल्यावर त्यानं बॅगेतून दोन कापडी पिशव्या काढल्या, नीट घडी घातलेल्या, आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाला, “तेल असेल तर या वेळी द्याल का? मागच्या वेळी राहिलं.” इतक्या साधेपणानं विचारलं, जणू वाण्याकडे आलाय. घरी जाऊन मीही दोन पिशव्या घडी करून बॅगेत ठेवल्या.

इथे काटकसर नको

बाळाच्या डब्याच्या दुधात जास्त पाणी घालून ते पुरवू नका. पाणी आणि पावडरचं प्रमाण डब्यावर लिहिलं असेल तेच ठेवायचं, त्या दुधाची तारीखही पाळायची. मधुमेहाचं औषध घेणाऱ्यानं जेवण टाळू नये, त्यांची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. केंद्रात नोंदणी करताना या दोन्ही गोष्टी आपणहून सांगा, कारण काही ठिकाणी त्यासाठी वेगळी पिशवी असते. आणि किराणा क्रेडिट कार्डावर घेऊन हप्ते पाडू नका. खाऊन संपलेल्या डाळ-तांदळावर पुढचे सहा महिने व्याज भरत बसावं लागतं.

पगार सुरू झाल्यावर मी केंद्रात नाव काढून टाकायला सांगायला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं वही उघडली, पण खोडलं नाही. म्हणाली, “पहिला पगार उधारी फेडण्यात जातो, काका. पुढच्या महिन्यात येऊन सांगा.” गेलाही तसाच. त्या महिन्याची पिशवी आम्ही आणली, आणि नाव त्यानंतर कमी केलं.