ड्रिफ्ट शिकवताना हँडब्रेक सगळ्यात शेवटी

गाड्यांच्या सिम्युलेटर गेमच्या सर्व्हरवर नवीन पोरगं येतं, चॅटमध्ये ‘दादा, ड्रिफ्ट शिकव ना’ (म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवून गाडी वळणातून तिरकी नेणं) असं टाकतं आणि आपण काही बोलायच्या आत हँडब्रेक ओढून गाडी जागच्या जागी गरकन फिरवून दाखवतं. मग विचारतं, ‘जमलं ना?’ गाडी फिरली, एवढंच. चिखलात पाय घसरून पडलेल्याला आपण ‘वा, काय नाचला’ असं म्हणत नाही.

माझी शिकवण्याची पद्धतही सुरुवातीला अशीच फसलेली होती. मावसभावाला शेजारी बसवलं आणि ‘हे बघ, असं, आता असं’ करत दहा मिनिटं स्वतःच चालवत बसलो. मग व्हील, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेलं स्टीअरिंग, त्याच्या हातात दिलं. पुढचा अर्धा तास गाडी नुसती भोवऱ्यासारखी फिरत होती. शेवटी तो चहा प्यायला म्हणून उठला तो परत आलाच नाही. चूक माझीच होती. गाडी घसरवायची कशी ते मी सांगितलं होतं, घसरलेली गाडी सावरायची कशी ते सांगायचं राहूनच गेलं होतं. तेव्हापासून क्रम उलटा केला. आधी सावरणं, मग टिकवणं, मग एका वळणातून दुसऱ्यात जाणं. गाडी घसरवायच्या युक्त्या त्यानंतर, आणि त्यातही हँडब्रेक शेवटी.

हे सगळं ‘लाइव्ह फॉर स्पीड’ डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. स्कॉवेन रॉबर्ट्स, एरिक बेली आणि व्हिक्टर व्हान व्लार्डिंगेन या तिघांनी उभा केलेला हा सिम्युलेटर. त्याचा पहिला विकतचा टप्पा २००३ साली आला. आजच्या गेम्सच्या मानाने चित्रं साधी आहेत, पण टायरची वागणूक अजूनही खणखणीत आहे, आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही तो चालतो. फुकटच्या डेमोत ब्लॅकवुडचा ट्रॅक मिळतो आणि एक्सआर जीटी नावाची, मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी मिळते. शिकवायला तेवढं पुरतं. दुसरा कुठला सिम्युलेटर वापरत असाल तर गाड्यांची नावं बदला, बाकी गाडा असाच चालतो.

आधी टेबल आवरा

शिकणाऱ्याकडे व्हील असेल तर ते प्रत्यक्षात किती अंश फिरतं तो आकडा ऑप्शन्समध्ये खरा भरलाय का ते पाहा. ९०० अंश फिरणारं व्हील आणि आत भरलेला आकडा २७०, असं असेल तर हाताला आणि डोळ्याला वेगवेगळ्या गोष्टी कळत राहतात आणि पोरगं उगाच स्वतःला दोष देत बसतं. व्हील नसेल तरी हरकत नाही. या गेममध्ये माऊसवर सुरेख ड्रिफ्ट करणारे लोक आहेत. कीबोर्डवर मात्र थ्रॉटल (अॅक्सिलरेटर) अर्धा ठेवता येत नाही, म्हणून तिथे अपेक्षा जरा कमी ठेवा.

गाडीच्या सेटअपमध्ये तीनच गोष्टी बदला. डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) लॉक करा, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतील आणि एकदमच सुटतील. पुढची चाकं जास्तीत जास्त वळू द्या. मागच्या टायरमध्ये हवा थोडी वाढवा. बाकीच्या रकान्यांना पहिला महिना हात लावू देऊ नका. नाहीतर गाडी फिरली की पोरगं सेटअप उघडून बसतं, आणि शिकणं बाजूला राहून गॅरेज सुरू होतं.

एक्सआर जीटीचं इंजिन काही फार दांडगं नाही. नवशिक्याला हे खटकतं, त्याला टर्बो हवा असतो. देऊ नका. ताकद कमी असली की वेग जपावा लागतो, आणि वेग जपायची सवय पुढे कुठल्याही गाडीत उपयोगी पडते. दांडग्या गाडीत चूक झाली तर नुसता थ्रॉटल दाबून ती झाकता येते.

पहिली पायरी: हात सोडायला शिकवा

ब्लॅकवुडच्या कार पार्कमध्ये न्या. मोकळी जागा, आपटायला फारसं काही नाही. पहिला गिअर, स्टीअरिंग एका बाजूला, थ्रॉटल एकदम तळापर्यंत. मागची बाजू सुटली की त्याला एकच सूचना द्या: ‘बोटं सैल कर.’

इथे जरा थांबून समजावून सांगा. गाडीची मागची बाजू बाहेर पडते तेव्हा पुढची चाकं आपोआप गाडी जिकडे चाललीय तिकडे वळू पाहतात. सामानाच्या ट्रॉलीची चाकं जशी ढकलाल तिकडे फिरतात, तसंच काहीसं. फोर्स फीडबॅक असलेल्या व्हीलमध्ये ती ओढ हाताला जाणवते. शिकणारा घाबरून व्हील घट्ट धरतो, म्हणजे गाडी स्वतःला सावरू पाहतेय आणि हा तिला अडवतोय. बोटं सैल केली की व्हील तळहातातून सर्रकन उलट्या बाजूला फिरतं. ते फिरू द्यायचं आणि थांबेल तिथे पकडायचं. उलट्या स्टीअरिंगचं निम्मं काम गाडीच करते, आपण फक्त तिला कुठे थांबायचं ते सांगतो.

माऊसवाल्याला ही ओढ मिळत नाही. त्याला आवाजावर आणि समोर सरकणाऱ्या दृश्यावर भिस्त ठेवावी लागते. त्याला सांगा, गाडीचं नाक आत वळायला लागल्याबरोबर माऊस उलट दिशेने निघालेला असला पाहिजे, नाक वळून झाल्यावर नव्हे.

या पायरीला वीस मिनिटं लागोत की दोन संध्याकाळी, पुढे जाऊ नका. सलग दहांपैकी सात-आठ वेळा गाडी न फिरवता सरळ करता आली की मग पुढची गोष्ट.

दुसरी पायरी: एका शंकूभोवती

शिफ्ट आणि यू दाबलं की ट्रॅकवर वस्तू मांडायचा लेआउट एडिटर उघडतो. मधोमध एक कोन, म्हणजे रस्त्याच्या कामावर ठेवतात तसला शंकू, ठेवा आणि त्याच्याभोवती पहिल्या गिअरमध्ये छोटं वर्तुळ घालायला लावा, मागची चाकं सतत घसरती ठेवून. जमलं की दुसऱ्या गिअरमध्ये मोठं वर्तुळ. डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही. प्रत्येकाची एक लाडकी बाजू असते आणि तो दुसरी टाळत राहतो, तिकडे लक्ष ठेवा.

या वर्तुळात स्टीअरिंगपेक्षा उजवा पाय जास्त शिकतो. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. सगळा पुढे ढकलण्यात उडवला, तर बाजूला धरून ठेवायला काही उरत नाही आणि मागची बाजू बाहेर जाते. थ्रॉटल थोडा कमी केला की बाजूची पकड परत येते आणि गाडी कोनच्या जवळ सरकते. म्हणजे कोनपासून लांब जायचं की जवळ यायचं, हे पायाने ठरतं.

आता ती चूक, जी प्रत्येक जण करतो. गाडी फार तिरकी झाली म्हणून नवशिक्या घाबरून पाय पूर्ण उचलतो. पुढची चाकं अजून उलट्या बाजूला वळलेली असतात. मागच्या टायरना एकाएकी पकड मिळते आणि गाडी पुढच्या चाकांच्या दिशेने, म्हणजे नेमकी विरुद्ध बाजूला, सटकन झेप घेते. डावीकडे फिरणारा उजवीकडे फेकला जातो आणि म्हणतो, ‘लॅग आला वाटतं!’ (म्हणजे इंटरनेट अडखळलं.) लॅग नाही बाबा, पाय उचललास. पाय उचलायचाच असेल तर निम्मा उचल आणि त्याच क्षणी स्टीअरिंग सरळ करायला लाग. हे वाक्य मी प्रत्येकाला इतक्या वेळा ऐकवलंय की एकाने माझ्या नावापुढे ‘निम्मा’ असं लावून ठेवलं होतं.

नजर ही दुसरी अडचण. सायकल शिकताना रस्त्यावर एकच खांब असतो आणि आपण नेमके त्याच्यावर जाऊन आदळतो, कारण डोळे त्याच्यावर खिळलेले असतात. इथेही तसंच. बॉनेट जिकडे बघतंय तिकडे बघू नकोस, जिकडे जायचंय तिकडे बघ. त्यासाठी बाजूला बघायची बटणं कुठे आहेत ते दाखवून द्या.

आणखी एक: टायर. या गेममध्ये ते खरोखर तापतात. दहा-पंधरा मिनिटं सतत घासत राहिलं की मागची पकड बेभरवशाची होते, आणि फारच ताणलं तर टायर फुटतोही. ‘मघाशी जमत होतं, आता जमत नाही’ अशी तक्रार आली की आधी टायरचं तापमान बघा. बऱ्याचदा दोष तिथेच सापडतो.

तिसरी पायरी: इंग्रजी आठ

आता दोन कोन ठेवा आणि त्यांच्याभोवती आठचा आकडा काढायला सांगा. एका बाजूने तिरकी गाडी दुसऱ्या बाजूला न्यायची, हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गमतीचा भाग. मघाशी ज्या झेपेमुळे गाडी हातातून गेली, तीच इथे कामाला लावायची. पहिल्या वर्तुळाच्या शेवटी पाय निम्मा उचलला की गाडी दुसरीकडे झोका घेते. झोक्याच्या मध्यावर, म्हणजे गाडी क्षणभर सरळ असते तेव्हा, पाय पुन्हा दाबायचा आणि व्हील सैल सोडायचं. उशीर झाला तर गाडी गरकन फिरते. घाई झाली तर ती तशीच सरळ पुढे निघून जाते.

हे तोंडी सांगून कळत नाही. मी चॅट सोडून डिस्कॉर्डवर बोलत नुसता ताल देतो: ‘उचल… आणि… दाब.’ तबल्याच्या शिकवणीत हाताने ताल धरतात तसा. चार-पाच फेऱ्यांनी शिकणारा स्वतःच पुटपुटायला लागतो.

चौथी पायरी: वळणात शिरणं

आता कुठे गाडी घसरवायच्या युक्त्या. सगळ्यात आधी हूल. कबड्डीत चढाई करणारा डावीकडे झुकून उजवीकडे हात मारतो, अगदी तेच. उजवं वळण येतंय, तर आधी क्षणभर डावीकडे वळा, गाडीचं वजन एका अंगावर येऊ द्या आणि लगेच उजवीकडे. वजन झपकन दुसऱ्या अंगावर जातं आणि मागची बाजू सुटते. कमी ताकदीच्या गाडीला हे फार मानवतं, आणि आठचा आकडा ज्याला जमला त्याला हे जवळजवळ येतच असतं.

मग क्लच. थ्रॉटल दाबलेला ठेवून क्लच क्षणभर दाबायचा, इंजिनचे फेरे चढू द्यायचे आणि क्लच एकदम सोडायचा. मागच्या चाकांना झटका बसतो आणि ती सुटतात. यासाठी ऑटो क्लच, म्हणजे गेमने स्वतःच क्लच सांभाळायची सोय, बंद हवा. ब्रेक मारत वळणात शिरून मागची बाजू हलकी करणं, हा आणखी एक प्रकार, पण तो वेगावर हात बसल्यावर.

आणि हँडब्रेक? आता द्या. त्याने मागची चाकं जाम होतात, गाडी हमखास तिरकी होते, पण वेगही खातो. सावरायला येत नसताना तो हातात पडला, तर पोरगं प्रत्येक वळणावर त्याच्याकडेच धाव घेतं. सावरता येणाऱ्याच्या हातात तो मिठासारखा, चिमूटभर वापरण्याची गोष्ट होतो.

पूर्ण ट्रॅकवर न्याल तेव्हा एका वेळी एकच वळण घ्या. आधी पकड ठेवून, अजिबात न घसरवता, पाच फेऱ्या मारायला लावा. ज्याला वळणाची साधी रेषा, म्हणजे गाडी कुठून न्यायची तो मार्ग, माहीत नाही, त्याची तिरकी रेषा कशी बरोबर येणार?

काय बोलायचं, काय गिळायचं

प्रत्येक प्रयत्नानंतर एकच दुरुस्ती सांगा. तीन चुका दिसल्या तर दोन गिळा. गाडी घसरत असताना लांबलचक वाक्य बोलू नका, ‘पाय’, ‘नजर’, ‘सैल’ एवढे शब्द पुरतात. गेम प्रत्येक फेरीचा रिप्ले देतो, तो मंद गतीने एकत्र बघा. आपण दहा वेळा सांगितलेलं त्याला स्वतःच्या गाडीत एकदा दिसलं की बस्स.

त्याला कौतुक हवं असतं तिरकेपणाच्या कोनाचं (इथे कोन म्हणजे अंशांतला, शंकू नव्हे), म्हणजे गाडी किती आडवी झाली याचं. आपण कौतुक करायचं ते रेषेचं. ड्रिफ्टच्या खऱ्या स्पर्धांतही परीक्षक वेग, कोन आणि रेषा तिन्ही तोलतात. केइची त्सुचिया या ज्या जपानी चालकाला ‘ड्रिफ्ट किंग’ म्हणतात, त्याची सुरुवात डोंगरातल्या अरुंद घाटरस्त्यांवर झाली, आणि तिथे रेषा चुकली की मामला संपलाच. म्हणून वळणाच्या आतल्या बाजूला एक शंकू ठेवा आणि म्हणा, ‘गाडी कितीही कमी आडवी होऊ दे, नाक याच्या हातभर जवळून गेलं पाहिजे.’ (आपले घाट यासाठी नाहीत, हे पोराला एकदा कडक शब्दांत सांगून ठेवा. तिथे समोरून एसटी येते.)

दोन गाड्या

एकट्याने तीन-चार वळणं जोडता आली की टँडम, म्हणजे एकामागे एक दोन गाड्या तिरक्या चालवणं. सुरुवातीला तुम्ही पुढे राहा आणि मुद्दाम संथ, दर वेळी अगदी सारखं चालवा. मागच्याने तुमच्या मागच्या बंपरकडे न बघता तुमच्या पुढच्या चाकांकडे बघायचं, कारण गाडी कुठे जाणार ते तिथे आधी कळतं. अंतर सुरुवातीला दोन गाड्यांचं. ऑनलाइन खेळात समोरची गाडी आपल्याला किंचित उशिराने दिसते, म्हणून ज्याचं इंटरनेट अडखळतं त्याच्याबरोबर फार चिकटून जाऊ नका. धडकलात तर चूक मागच्याची, पुढचा कितीही चुकला तरी.

मग जागा बदला. तो पुढे, तुम्ही मागे. पहिल्या खेपेला तो आरशात तुम्हालाच बघत राहील आणि पहिल्याच वळणावर गवतात जाईल. हसू आलं तरी माईक बंद करून हसा, आणि ‘परत’ एवढंच म्हणा.