मित्रमंडळींसोबत व्हिएन्ना: उघड्यावरची भटकंती नीट कशी आखायची

चार-सहा जणांचा गट व्हिएन्नाला जातो तेव्हा बेत बहुधा एकाच कारणाने फसतो. सकाळी राजवाडा, दुपारी दोन संग्रहालयं, मग चर्च, आणि संध्याकाळी सगळे दमून एकमेकांवर वैतागलेले. या शहराचा बेत उलटा आखावा. संध्याकाळी कुठे बसायचं ते आधी पक्कं करा, मग तिथपर्यंत पायी कसं पोहोचता येईल ते बघा. शहराच्या हद्दीतच द्राक्षमळे आहेत, जंगलातल्या टेकड्या आहेत, नदीतलं लांबलचक बेट आहे, आणि तिथवर बस, ट्रॅम किंवा मेट्रोने जाता येतं. एप्रिलअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ उत्तम. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमाराला मावळतो. डिसेंबरात चारलाच अंधारतं, तेव्हा यातलं बरंचसं जमत नाही.

तिकिटाचं आधी उरकून घ्या. एकाच तिकिटावर मेट्रो, ट्रॅम, बस आणि शहरातल्या लोकल गाड्या चालतात, म्हणून गटाला दिवसांचा पास सोयीचा. कागदी तिकीट शिक्का न मारलेलं असेल तर ते स्थानकाच्या तोंडाशी असलेल्या निळ्या यंत्रात एकदा घालावं लागतं. तिथे गेट नसतं, त्यामुळे नवखे लोक सरळ आत जातात आणि तपासनीस आला की खिशात तिकीट असूनही दंड भरतात. शहराचा पास विमानतळापर्यंत चालत नाही. विमानतळ हद्दीबाहेर असल्याने त्या टप्प्याचं जादा तिकीट काढा. तिथे जायला एस७ ही लोकल पुरेशी आहे, महागड्या खास गाडीची गरज नाही. मेट्रोत खायला २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा सँडविच गाडीत चढण्याआधीच संपवा.

गटासाठी सगळ्यात सुंदर बेत कालेनबर्गचा. ही ४८४ मीटरची टेकडी. यू४ मेट्रोच्या शेवटच्या हायलिगेनश्टाट स्थानकावरून ३८ए बस पकडा. सुमारे अर्ध्या तासात ती वर नेऊन सोडते. बस तिथूनच सुटते, म्हणून पहिल्याच थांब्यावर चढा. उन्हाच्या रविवारी वाटेतल्या ग्रिंत्सिंगला बस गच्च भरलेली असते आणि सहा जण एकदम चढूच शकत नाहीत. वर गच्चीवरून अख्खं शहर आणि डॅन्यूब दिसते. १६८३ साली तुर्की वेढा मोडायला आलेलं पोलंडच्या राजाचं सैन्य याच डोंगरउतारावरून खाली उतरलं होतं.

परतताना बस घेऊ नका. कालेनबर्गर श्ट्रासे हा अरुंद रस्ता द्राक्षमळ्यांमधून थेट पायथ्याच्या नुसडॉर्फला उतरतो. थांबत-थांबत दीड तास धरा. उतार जवळपास तीनशे मीटरचा आहे, त्यामुळे सैल बुटांत अंगठे पुढे घासून दुखतात. निघण्यापूर्वी नाड्या घोट्याजवळ घट्ट बांधा. खाली नुसडॉर्फला डी ट्रॅमचं शेवटचं स्थानक आहे, ती सरळ रिंगवर, म्हणजे शहराच्या मध्यभागाभोवतीच्या गोल रस्त्यावर आणते. दमदार गटाने मात्र नुसडॉर्फहूनच सुरुवात करून नगरपालिकेने आखलेली पहिल्या क्रमांकाची पायवाट घ्यावी: ११ किलोमीटरचा फेरा, तीन-चार तास, वाटेवर पाट्या लावलेल्या.

गवतात बसलात तर गोचीड सांभाळा. ऑस्ट्रियात त्यांच्या चावण्याने मेंदूज्वर पसरतो. लस आहे, पण तिचे डोस अंतराने घ्यावे लागतात, म्हणून डॉक्टरांशी निघण्याच्या बरंच आधी बोला. पायघोळ पँट मोज्यात खोचा, रात्री गुडघ्यामागे आणि काखेत नीट बघा. गोचीड दिसलाच तर बारीक चिमट्याने अगदी त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावू नका, पिळू नका.

उतरल्यावर बसायची जागा म्हणजे होयरिगर, द्राक्षमळेवाल्याचं स्वतःचं मद्यगृह. १७८४ साली सम्राट दुसऱ्या योसेफने मळेवाल्यांना स्वतःची वाइन घरीच विकायची मुभा दिली, ती प्रथा आजही चालू आहे. दारावर हिरव्या फांद्यांची जुडी टांगलेली असेल तर आज उघडं आहे असं समजायचं. बरीच ठिकाणं वर्षातले काही आठवडेच उघडतात, त्यामुळे निघण्यापूर्वी तारखा तपासा आणि पाचपेक्षा जास्त जण असाल तर शनिवार-रविवारसाठी बागेतलं टेबल राखून ठेवा. पारंपरिक रीत अशी: पेयं टेबलावर आणून देतात, खाणं मात्र आतल्या काउंटरवरून आपण आणायचं आणि बहुधा तिथेच पैसे द्यायचे. सगळे एकदम उठले की टेबल रिकामं दिसतं, म्हणून दोघांनी जावं, बाकीच्यांनी बसावं. थोडी रोकड जवळ हवीच.

इथली खरी ओळख म्हणजे ‘गेमिश्टर झाट्स’. एकाच मळ्यात वाढलेल्या निदान तीन जातींची द्राक्षं एकत्र तोडून एकत्रच गाळलेली ही वाइन. उन्हातून आल्यावर मात्र आधी श्प्रित्सर मागवा, म्हणजे निम्मी वाइन आणि निम्मा सोडा. न पिणाऱ्यांना द्राक्षाचा ताजा रस मिळतो आणि तो खरंच चांगला असतो. शाकाहाऱ्यांनी लिप्टाउअर घ्यावं. चीज, लोणी आणि पाप्रिकाचं हे लालसर मिश्रण काळ्या पावाला लावतात. श्माल्झब्रोट टाळा, त्यावर डुकराची चरबी असते. बटाट्याच्या सॅलडबद्दल तर विचाराच, कारण व्हिएन्नात ते बऱ्याचदा गोमांसाच्या रश्शात मुरवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात ‘श्टुर्म’ नावाचा अर्धवट आंबलेला रस मिळतो. त्यातून वायू सुटत राहतो, म्हणून बाटलीचं झाकण घट्ट नसतं. ती पिशवीत आडवी टाकली की सगळ्यांच्या जॅकेटवर सांडते. हातात उभी धरून न्या.

दुसरा दिवस डोनाउइन्झेलला द्या. पुरापासून शहर वाचवायला १९७२ ते १९८८ दरम्यान नवा कालवा खोदला आणि निघालेल्या मातीचं हे २१ किलोमीटर लांबीचं बेट झालं. यू१ मेट्रो थेट बेटावर थांबते. पोहायचं असेल तर बाजू ओळखा: उंच काचेच्या इमारती दिसतात त्या बाजूचं पाणी म्हणजे नवी डॅन्यूब, तिथेच उतरा. दुसऱ्या बाजूला मुख्य नदी आहे. तिथे जहाजं चालतात आणि ओढ जबरदस्त असते.

बेटावर कोळशावर भाजायचं असेल तर ठरवलेल्या जागीच. काही जागा नगरपालिकेकडून पैसे भरून आधी राखाव्या लागतात, काही भाग फुकट आहेत, पण उन्हाळी सुट्टीच्या दिवशी सकाळीच भरतात. सहा जणांना तीन किलो कोळसा पुरतो. घाई करून ज्वाळांवर भाजायला घेऊ नका, बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. कोळशावर राखेचा करडा थर यायला अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर भाज्या चिरून घ्या.

खरेदी शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत करा. रविवारी सुपरमार्केट बंद असतात. मोठ्या रेल्वे स्थानकांतली मोजकी दुकानं उघडी राहतात आणि तिथे रांगा लागतात. पाणी विकत घेऊ नका. आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी १८७३ पासून शहरात येतं आणि उद्यानांतल्या नळांवर फुकट भरता येतं. पेयांच्या प्लास्टिक बाटल्या आणि धातूच्या कॅनवर २०२५ पासून २५ सेंट अनामत आहे. रिकाम्या बाटल्या चेपू नका, लेबल काढू नका, नाहीतर यंत्र पैसे परत करत नाही.

शहराच्या मध्यभागासाठी अर्धा दिवस पुरे. रिंगवर चालताना सायकलींच्या पट्ट्यात घोळका करून उभं राहू नका. फोटोसाठी थांबणारे गट तिथेच सायकलस्वारांचा ओरडा खातात. पाऊस आला तर समोरासमोर उभी असलेली दोन मोठी संग्रहालयं आहेतच. कलेचं बहुतेक महिन्यांत सोमवारी बंद असतं, निसर्गेतिहासाचं मंगळवारी. शोनब्रुनच्या राजवाड्याला वेळेचं तिकीट लागतं, पण मागची मोठी बाग फुकट आहे आणि टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानदार इमारतीपर्यंतची चढण गटाला छान जमते.

बिल मागितलं की वेटर विचारेल, “त्सुझामन ओडर गेट्रेंट?” म्हणजे एकत्र की वेगवेगळं. वेगवेगळं सांगितलं तरी इथे कुणी नाक मुरडत नाही. ज्याने जे घेतलं ते त्याने सांगायचं आणि पैसे द्यायचे. टीप पाच ते दहा टक्के. ती टेबलावर ठेवून उठायची पद्धत नाही. बिल २७ युरो ६० सेंट असेल तर पैसे देतानाच “तीस” म्हणा. कार्डाने द्यायचं असेल तर वेटरने यंत्रात आकडा टाकण्याआधीच सांगा.