जुनी गाडी खोटं सांगून गळ्यात मारली तर: सातारा-सांगलीत दाद कशी मागायची

मीटर मागे घेतलेलं, अपघातात वाकलेली गाडी ‘एकदम क्लीन’ म्हणून दिलेली, किंवा २०१९ नि २०२१ च्या पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकलेली, हे फसवणुकीचे नेहमीचे प्रकार. कळल्याबरोबर गाडी उभी करा आणि मीटरचा फोटो काढा. दुरुस्ती करू नका. गाडी खोलली की पुरावा गेला, आणि पुढे दहा हजार किलोमीटर फिरवून पूर्ण पैसे परत मागितले तर मागणी लंगडी पडते.

मग कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिस हिस्टरी घ्या. प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि तेव्हाचं रीडिंग त्यात असतं. मीटरची लबाडी तिथेच उघडी पडते. तपासणी अहवाल लेखी, सही-शिक्क्यासह हवा. ‘गाडी खराब आहे’ एवढ्याने भागत नाही. दोष विक्रीच्या आधीचा आहे, हे त्यातून दिसलं पाहिजे: पूर्ण ओढलेल्या सीटबेल्टवरची गाळाची रेघ, कार्पेटखालचा गंज, वायरिंगच्या कनेक्टरवरचा हिरवा थर, पिलरवरचं (छत पेलणाऱ्या खांबावरचं) वेल्डिंग.

बहुतेक प्रकरणं अडतात ती पुढच्या प्रश्नावर: विकणारा कोण? आरसीवर मूळ मालक, मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याचीच सही, आणि डीलर म्हणतो, “मी फक्त मध्यस्थ.” नोटीस फक्त मूळ मालकाला पाठवलीत तर खरा विक्रेता सुटतो. शिवाय एखाद्याने स्वतःची गाडी एकदा विकली म्हणून तो व्यापारी ठरत नाही. त्याच्या एकट्याविरुद्ध ग्राहक आयोगात नव्हे, दिवाणी न्यायालयातच जावं लागतं.

म्हणून डीलरला व्यवहाराशी बांधणारा प्रत्येक कागद गोळा करा: त्याच्या खात्यावर गेलेला इसार, डिलिव्हरी नोट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘मीटर ओरिजिनल आहे’. चॅट पुसू नका, फोन विकू नका. प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा. सगळे पैसे रोख दिले असतील तर बँकेतून काढल्याची नोंद आणि सोबत असलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र द्या. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात आली की फॉर्म २९-सी ने कळवावं लागतं. ते अधिकारपत्र आहे का, हे डीलरचा धंदा ज्याच्या हद्दीत त्या आरटीओत, आणि ती नोंद आहे का, हे गाडीच्या पासिंगप्रमाणे सांगली (१०), सातारा (११) किंवा कराड (५०) कार्यालयात माहितीच्या अधिकारात विचारा. नोंद असेल तर ‘मध्यस्थ’ हा बचाव ढासळतो. अधिकारपत्रच नसेल तर तो परवान्याविना धंदा करतोय, हेही तक्रारीत लिहा. तक्रारीत डीलर पहिला सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार तो), मूळ मालक दुसरा.

‘पाहून, चालवून, जशी आहे तशी घेतली’ या वाक्यावर सही झाली म्हणून हातपाय गाळू नका. डीलर नुसता गप्प बसला असेल तर ते वाक्य त्याच्या कामी येऊ शकतं, कारण तुम्ही तपासून घ्यायला हवं होतं असं तो म्हणेल. जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर तो आडोसा टिकत नाही. म्हणूनच त्याचं लेखी आश्वासन सोन्यासारखं जपा.

नोटीस स्पीड पोस्टाने, पोहोचीसह पाठवा. १५ दिवसांची मुदत पुरे.

तक्रार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे करा. डीलर पुण्याचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती चालते. मुदत २ वर्षं. गाडीसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये. धंद्यासाठी घेतलेली गाडी यात बसत नाही. मात्र स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली बसते. मागण्या स्पष्ट मांडा: गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम व्याजासह, ते न जमल्यास किमतीतला फरक, शिवाय मानसिक त्रास आणि खर्च. न मागितलेलं मिळेल असं धरून चालू नका.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर डीलरला लेखी म्हणण्यासाठी ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. ४५ दिवस उलटले की त्याचं म्हणणं घेऊ नये, असा अर्ज त्याच तारखेला द्या.

पोलिसांकडे धाव घ्यायची ती चेसिस नंबर खोडलेला, कागद बनावट किंवा गाडी चोरीची असेल तेव्हा. तिथे मात्र एक दिवसही थांबू नका. नुसत्या मीटरच्या वादात ‘हे दिवाणी आहे’ म्हणून परत पाठवलं जाण्याची शक्यता मोठी, आणि तोवर २ वर्षांची मुदत सरत असते.