जुने कपडे दुरुस्त कसे करावेत आणि मापात कसे बसवावेत

दुरुस्तीला घेतलेला कपडा आधी धुवा. मग उजेडासमोर धरून भोकाच्या आजूबाजूचं कापड बघा. ते जाळीसारखं विरळ झालंय का? दोन्ही हातांनी हलकेच ताणा. धागे तुटायला लागले, तर भोक दिसतं त्यापेक्षा मोठं आहे असं धरून चाला. टाका धड कापडातच पडला पाहिजे. विरलेल्या कापडावर कितीही सुबक टाके घाला, कपडा त्यांच्या कडेने पुन्हा फाटणार. घरच्या दुरुस्त्या टिकत नाहीत त्या बहुतेक वेळा यामुळेच.

नुसती शिवण उसवली असेल तर काम सोपं आहे. कपडा उलटा करून जुन्या टिपेच्याच रेषेवर उलटी टीप (प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन मग पुढे काढायचा) घाला. उसवलेल्या जागेच्या 1-2 सेंमी आधी सुरुवात करा आणि तेवढंच पुढे जाऊन थांबा. सुती कापडाला सुती दोरा घ्या आणि रंग किंचित गडद निवडा, कारण रिळावर दिसतो त्यापेक्षा सुटा दोरा फिका दिसतो.

लहान भोकाला रफू. याला घाई चालत नाही. भोकाच्या सगळ्या बाजूंनी साधारण 1 सेंमी धड कापड धरून आधी उभे धागे जवळजवळ घाला. प्रत्येक ओळीच्या टोकाला वळताना दोऱ्याचा अगदी छोटा फास सैल ठेवा, म्हणजे धुतल्यावर दोरा आटला तरी कापड चुणत नाही. मग आडवा दोरा त्या धाग्यांतून एक खालून, एक वरून असा विणत न्या. पुढच्या ओळीत क्रम उलटा. दोरा ओढू नका, नुसता बसवा. टी-शर्टसारख्या होजिअरी कापडाला मात्र गोल टोकाची सुई घ्या, नाहीतर धागे तुटून नवी भोकं पडतात.

जीन्सच्या गुडघ्यासारख्या मोठ्या फाटीला ठिगळच हवं. ठिगळाचं कापड आधी धुऊन आटवून घ्या. ते विरलेल्या भागाच्या पलीकडे सगळीकडून 2 सेंमी जाईल एवढं कापा, कोपरे गोल करा (टोकदार कोपरे आधी सुटतात) आणि त्याचे उभे-आडवे धागे कपड्याच्या धाग्यांशी जुळवून आतून लावा. ठिगळ दिसलं तर दिसू दे. वेगळ्या रंगाचं, नीट बसलेलं ठिगळ मला तरी सुरेखच वाटतं.

सैल शर्ट मापात आणायचा असेल तर तो उलटा घालून दोन्ही बाजूंना सारख्या टाचण्या लावा. कच्चा दोरा (नंतर काढून टाकायचे लांब टाके) घाला, शर्ट पुन्हा सुलटा घालून बघा. बसून, हात वर करून बघा, कारण आरशासमोर ताठ उभं राहिल्यावर सगळंच छान बसतं. मगच मशीनची टीप मारा.

घट्ट कपडा सैल करायचा असेल तर उसवण्याआधी शिवणीच्या आत किती माया, म्हणजे टिपेपलीकडचं जादा कापड, ठेवली आहे ते बघा. ती 1 सेंमी असेल तर हाती फार काही लागणार नाही. भरपूर असली तरी आतला रंग न विटलेला असतो आणि जुन्या टिपेची भोकं दिसू शकतात, तेव्हा आधी 5-6 सेंमीच उसवून, ओलसर फडक्यावरून इस्त्री फिरवून अंदाज घ्या.

पँट आखूड करताना जादा कापड लगेच कापू नका. 3-4 सेंमी दुमड आतच ठेवून तुरपाई करा. मुलांच्या कपड्यांत तर त्याहूनही जास्त ठेवा, उंची वाढली की उसवता येते.